गाठीवरची लाख

१

"हे आमची मोहर नोहे."

झामसिंग उईके एवढंच म्हणाले आणि काचेच्या पेटीवर टेकलेला हात त्यांनी मागे घेतला. आवाज चढला नव्हता, तरी वाचनालयाच्या त्या लांबट हॉलमध्ये जे कोणी होते ते सगळे वळले. सकाळची वेळ होती, गर्दी अजून व्हायची होती. सुशिलाबाई बिसेन शेजारच्या टेबलावर स्पर्धेला आलेली पत्रं वाचत बसल्या होत्या. त्यांच्या हातातलं पत्र अर्ध्यावरच राहिलं.

गोंदियाच्या हस्ताक्षर मंडळाने हे प्रदर्शन भरवलं होतं. बोरूने लिहिलेली मोडी पत्रं, शाई टिपायला टाकलेल्या वाळूचे कण अजून अंगावर बाळगणारे कागद, जवानांनी सीमेवरून धाडलेली आंतरदेशीय पत्रं, नव्या सुनांनी माहेरी लिहिलेली पोस्टकार्डं. सुशिलाबाई सालेकशाच्या पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेल्या, म्हणून त्यांना हस्ताक्षर स्पर्धेचं परीक्षक केलं होतं. तसं बोलावलं नसतं तरी त्या आल्याच असत्या. पत्राचा विषय निघाला की बाईंच्या अंगात येतं असं लोक पाठीमागे म्हणत. ते त्यांच्या कानावर होतं आणि मनातून आवडतही होतं.

पण प्रदर्शनाचा खरा मान मधल्या पेटीतल्या खलित्याचा होता. तळहाताएवढी लाल कापडी थैली, तिच्या तोंडाला रेशमी दोरी, दोरीला गाठ आणि गाठीवर लाखेची गोल मोहर. मोहरेवर मोर. झामसिंगबाबांचा खापरपणजा एका जमीनदारीची डाक वाहायचा. हा खलिता घेऊन तो इकडच्याच प्रतापगडाकडच्या एका सरदाराकडे पायी गेला, तर सरदार वारलेला. परत आला, तर धाडणारा जमीनदारही गेलेला. हुकूम होता की ज्याचं त्याच्याच हातात द्यायचं. देणारा नाही आणि घेणाराही नाही, तेव्हा त्याने खलिता आपल्या घराच्या आढ्याला बांधला. तेव्हापासून सालेकशाच्या जंगलातल्या त्या घरात तो बंदच राहिला. वर्षातून एकदा, नवाखाईला, नव्या तांदळाचा घास पूर्वजांपुढे ठेवताना तो खाली उतरायचा आणि पुन्हा वर जायचा. चूल पेटायची मारामार होती त्या दिवसांतही उईक्यांनी तो विकला नाही, आणि आत काय आहे म्हणून कोणी फोडलाही नाही. त्या सगळ्या टापूत या घराचं नाव निघालं की लोक आधी हीच गोष्ट सांगायचे.

मंडळाचे अध्यक्ष वीरेंद्रजी लगबगीने आले. राइस मिलचे मालक, जुने शिक्के आणि मोहरा जमवायचा त्यांना भारी शौक. त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवून समजूत काढली, की बाबाजी, आत्ताच तुमच्या डोळ्याचा मोतीबिंदू निघाला आहे, कालपर्यंत पट्टी होती, आता तर सगळी दुनियाच तुम्हाला नव्या रंगाची दिसणार.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "डोळा नवा हाये," ते म्हणाले. "पण मोहर तं जुनीच पायजे ना? लहान होतो तवापासून पाहून राहिलो. काळपट लाल होती, वाळलेल्या रक्तावानी. हे मधावानी हाये. कोणीतरी खलिता फोडला."

मग त्यांनी पुढचंही सांगून टाकलं. ज्याला राखता आलं नाही त्याने ठेवू नये. संध्याकाळच्या गाडीने ते गावी जाणार होते आणि जाताना खलिता बाघ नदीत सोडणार होते. त्यांची बायको धनवंताबाई मागे भिंतीशी उभी होती. तिने पदर तोंडाशी धरला.

सुशिलाबाई उठल्या, पर्समधून भिंग काढून पेटीवर वाकल्या आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

"वीरेंद्रजी, कुलूप काढा," त्या म्हणाल्या. "बाबांच्या डोळ्याला काही झालेलं नाही. ही लाख अजून वर्षाचीसुद्धा नाही."

२

आयुष्यभर टपालाच्या थैल्यांवर लाख वितळवलेली ती बाई. पोस्टातल्या पुरुषांची बोटं भाजायची तिथे यांचा हात कधी हलला नाही, आणि सालेकशाहून सुटलेली एकही थैली वाटेत उघडली गेली नाही, हा त्यांचा मोठा अभिमान. तो त्या लपवतही नसत. लाख म्हातारी झाली की तिच्यावर बारीक सुरकुत्या पडतात, तेज जातं, कडा भुरभुरतात. ही मोहर मात्र नव्या नवरीसारखी चमकत होती.

बाबांची परवानगी घेऊन त्यांनी खलिता हातात घेतला. मोर होता, पण पिसाऱ्याच्या रेषा बोथट होत्या, म्हणजे मूळ पितळी शिक्क्याने उठवलेला नव्हता. तो शिक्का जमीनदारीबरोबरच गेलेला, आता कुठून येणार? कोणीतरी जुन्या मोहरेवरून साचा घेतला होता. मोराच्या मानेवरून एक भेग तिरपी गेली होती. बाईंनी तिच्यावरून नख फिरवलं आणि कपाळाला आठी घातली. मोहरेच्या खाली लाल कापडावर तेलकट डाग पडला होता. तोही त्यांनी पाहून ठेवला.

जिल्ह्याच्या साहेबीण बाई, म्हणजे कलेक्टर, दुपारी बक्षिसं द्यायला यायच्या होत्या. तोवर काय ते झालं पाहिजे, असं म्हणून सुशिलाबाईंनी एकेकाला कोपऱ्यातल्या बाकावर बोलावलं. त्यांना तपास करायला कोणी सांगितलं नव्हतं. पण पोस्टमास्तरला हुकमाची सवय असते आणि लोकांना ऐकायची.

पहिले वीरेंद्रजी. पेटीची किल्ली फक्त त्यांच्याकडे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, बाईंनी काही विचारण्याआधीच ते सफाई द्यायला लागले. किल्ली रात्रभर गळ्यात होती, वॉचमन दारात होता, हॉल कोणी उघडला नाही. खलिता विकत द्या म्हणून बाबांच्या घरी गेलो होतो हेही त्यांनी कबूल केलं. बाबांनी चहा पाजला आणि विषय बदलला.

"मांगा था, हां, झूठ कायको बोलू?" ते म्हणाले. "पण बाई, तुम्हीच सोचो. बंद आहे म्हणून तर त्याची शान आहे. फोडलेला खलिता घेऊन मी काय करू? असे फुटके माझ्याकडे पेटीभर पडले आहेत."

बाईंना हे पटलं. जमवणाऱ्याचा लोभ वस्तूच्या अस्सलपणावर असतो, तो स्वतःच्या हाताने अस्सलपणा मोडत नाही. मग वीरेंद्रजींनी मान वाकडी करून दाराजवळच्या टेबलाकडे खूण केली. त्या टेबलावर स्पिरिटचा दिवा जळत होता, चमच्यात काहीतरी लालभडक वितळत होतं आणि पितळी शिक्क्यांची रांग लागली होती.

३

ते टेबल मोनालीचं. गोंदियाचीच मुलगी, सुलेखन शिकवते, आणि प्रदर्शनात येणाऱ्यांना स्वतःच्या हाताने पत्र लिहून त्यावर मोहर लावायला शिकवत होती. काल तिच्यापुढे एवढी रांग होती की मोबाइलवर बोटं फिरवणारी कॉलेजची पोरं आजीला पत्र लिहायला तिष्ठत उभी राहिली होती. सुशिलाबाईंना तेव्हा भरून आलं होतं. आज तिच्यावरच संशय घ्यायची पाळी आली.

मोनाली आधी रागावली, मग तिचे डोळे भरले. बाईंनी तिची समजूत काढत बसण्यापेक्षा तिने नुकतीच उठवलेली एक मोहर उचलली आणि दोन बोटांत धरून वाकवली. ती वाकली, तुटली नाही.

"ही लाख कुठून मागवतेस?"

मोनालीने सांगितलं की मुंबईच्या एका दुकानातून तयार कांडी कुरिअरने येते. कुरिअरच्या पाकिटावर आपटली तरी फुटू नये म्हणून त्यात मेण आणि आणखी काही घातलेलं असतं. शिक्का चिकटू नये म्हणून ती तो बर्फावर टेकवते, तेल कधीच लावत नाही, कारण तेलाने कागद खराब होतो. आणि प्रत्येक मोहरेच्या कडेला ती नखाने स्वतःची खूण करते. "माझ्या हातची वस्तू दुसऱ्याच्या नावावर खपवायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही, मॅडम," ती म्हणाली. सुशिलाबाईंना हे उत्तर आवडलं. खलित्यावरची लाख शुद्ध होती, वाकवायला गेलं तर तुकडे होतील अशी. मुंबईच्या कांडीचा आणि तिचा काही संबंध नव्हता.

एक गंमत मात्र बाईंच्या मनात आल्यावाचून राहिली नाही. जगभरच्या राजेरजवाड्यांनी ज्या लाखेने पत्रं बंद केली ती लाख आपल्याकडच्या पळसा-कुसुमाच्या झाडांवर पिकते, आणि गोंदियाच्या पोरीला मोहर लावायला मुंबईहून कांडी आणावी लागते.

राहिले प्राध्यापक नीलेश. कॉलेजात इतिहास शिकवणारे, मोडी घडाघडा वाचणारे. खलित्यातल्या पत्रासाठी सगळ्यात जास्त जीव जर कोणाचा तळमळत असेल तर यांचा. त्यांनी बाबांना दोनदा विचारून पाहिलं होतं, आणि न उघडता आतलं वाचता येईल अशा यंत्राचीही चौकशी केली होती.

"मला वाचायचं होतं, आणि अजूनही वाचायचंय," नीलेश सरळ म्हणाले. "पण मॅडम, वाचलं असतं तर माझ्या पोटात राहिलं असतं का?"

सुशिलाबाईंना हसू आलं. हा माणूस एखादी जुनी पावती सापडली तरी वर्तमानपत्रात लेख देतो. चोरून पत्र वाचून गप्प बसणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. तेवढ्यात त्यांना एक साधी गोष्ट सुचली. खलिता तुम्ही प्रथम कुठे पाहिलात, असं त्यांनी विचारलं. नीलेश म्हणाले, गावी, बाबांच्या अंगणात. प्रदर्शन ठरलं तेव्हा फोटो काढायला गेलो होतो. बाबा शेजारीच बसले होते, खलिता त्यांनी हातातून सोडलासुद्धा नाही. तोच फोटो दारातल्या फलकावर छापला आहे.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्या फलकाखालून सगळेजण कालपासून जा-ये करत होते. सुशिलाबाई तरातरा दाराशी गेल्या, चष्मा कपाळावर सारला आणि भिंग लावलं. पुरुषभर उंच फलक, त्यावर बाबांचे रापलेले हात, हातांत खलिता, आणि खलित्यावर मधाच्या रंगाची मोहर. मानेवर तिरपी भेग असलेला तोच मोर.

गोंदियात कोणी काही केलंच नव्हतं. मोहर घरूनच बदलून आली होती.

४

ही गोष्ट हळू सांगायला हवी होती, पण वीरेंद्रजी मागेच उभे होते आणि त्यांना हळू काही बोलता येत नाही. म्हणजे घर में ही हुआ, असं ते मोठ्याने बोलून गेले. आपल्यावरचं बालंट टळलं याचा आनंद त्यांच्या आवाजात होता, तो ऐकून त्यांची त्यांनाच लाज वाटली असावी, कारण लगेच ते चहा सांगायला निघून गेले.

बाबांनी ऐकलं होतं. ते खुर्चीवरून उठले, बाईंपाशी आले. बाहेरच्या चोराने फोडला असता तर ती चोराची लाज होती. घरच्याने फोडला असेल तर मग इतक्या पिढ्या कोणासाठी राखलं? त्यांच्या चेहऱ्यावर हा प्रश्न उघड लिहिलेला होता आणि सुशिलाबाईंना तो वाचवेना. खलिता अजून बाईंच्याच हातात होता. तो घ्यायला बाबांनी हात पुढे केला तेव्हा बाईंनी तो आपल्याजवळ घट्ट धरला आणि चहा होईपर्यंत थांबा, एवढीच विनंती केली. पोस्टमास्तरीणबाईला नाही म्हणणं बाबांना जमलं नाही.

बाई व्हरांड्यात गेल्या. धनवंताबाई पायरीवर बसली होती. कालपासून एक गोष्ट सुशिलाबाईंना खुपत होती. प्रदर्शनात आलेलं प्रत्येक माणूस आधी त्या पेटीकडे जायचं, पण ज्या बाईच्या घरची ती वस्तू, ती पेटीकडे पाठ करून बसायची आणि माणसांकडे पाहत राहायची. खलिता गोंदियाला नेऊ नका, असा हट्ट तिने धरला होता, हेही नीलेशनी बोलता बोलता सांगितलं होतं.

सुशिलाबाईंनी खलित्याचा विषय काढलाच नाही. लाखेचा काढला. यंदा कुसुमावर लाख कशी बसली, पळसाची किती निघाली. धनवंताबाईचा चेहरा पहिल्यांदा खुलला. जंगलातल्या बायांना लाखेबद्दल विचारा, मग त्या थांबत नाहीत. तिने सांगितलं, पळसाची लाख बाजाराची, लालसर, भरपूर निघते. कुसुमाची थोडी, पण सोन्यासारखी. ती धुवायची, कापडाच्या लांब पिशवीत भरायची, निखाऱ्यावर धरून पिळायची, की मधासारखी धार सुटते.

"पहिली लाख देवाले," ती म्हणाली. "मंग घरच्या मानाच्या कामाले. उरली तं बजारात."

सणाला ती वारुळाच्या मातीचे साचे करून लाखेचे मणी आणि पोरांसाठी पाखरं पाडायची, हेही निघालं. सुशिलाबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं की लाख साच्याला चिकटत नाही का.

"साच्याले तेल लावा लागते नं बाई. मोहाच्या बियांचं."

एवढं बोलली आणि तिचं तिलाच कळलं. सुशिलाबाईंनी मांडीवरच्या खलित्यावरचा तेलकट डाग अंगठ्याने हळूच झाकला. धनवंताबाई त्यांच्या अंगठ्याकडे पाहत होती.

"त्याले नदीत नका सोडू देऊ," ती आत, नवऱ्याच्या दिशेने पाहत म्हणाली. "माह्यासाठी नाही म्हणत. त्यायच्यासाठी."

५

तुम्ही सांगता की मी सांगू, असं बाईंनी तिला दाराशी विचारलं. माझ्याने होणार नाही, तुम्हीच सांगा, असं ती म्हणाली. मग सुशिलाबाईंनी सगळ्यांना दक्षिणेकडच्या खिडकीपाशी उभं केलं, जिथे ऊन आत येत होतं. मोनालीने दिवा विझवला आणि तीही आली.

बाई आधी बाबांकडे वळल्या. मोहर बदललेली आहे हे तुमचं म्हणणं खरं, आणि ती तुमच्याच घरात बदलली हेही खरं. आता जरा धीर धरून पुढचं ऐका, असं त्यांनी सांगितलं.

शितावरून भाताची परीक्षा होते, तशी लाखेवरून हाताची. लबाडी करणाऱ्याने काय केलं असतं? जुन्या मोहरेसारखी दिसावी म्हणून लाखेत लाल रंग आणि काजळी घातली असती. बाजारात त्या रंगाची कांडी आयती मिळते. इथे मात्र कुसुमाची पहिल्या धारेची लाख, रंगाचा एक कण न घालता वापरलेली. फसवायला निघालेलं माणूस आपल्या घरातली सगळ्यात चांगली वस्तू खर्च करत नाही. ही चूक एकाच घरातलं माणूस करू शकतं, ज्या घरात मानाच्या कामाला दुसरी लाख चालतच नाही.

बाबांची मान हळूहळू बायकोकडे वळली. ती खाली पाहत होती.

"थांबा," सुशिलाबाई म्हणाल्या. "अजून माझं व्हायचं आहे."

त्यांनी खलिता उन्हात धरला. मोराच्या मानेवरची भेग सगळ्यांना दिसत होती. खरी भेग असती तर ती आतपर्यंत गेली असती आणि उन्हात काचेच्या तड्यासारखी चमकली असती. ही वरवरची आहे, तिच्या कडा गोल आहेत. म्हणजे ही मोहर कधी तडकलीच नाही. तडकलेली होती ती जुनी, आणि साचा घेतला तो तिच्या जुळवलेल्या तुकड्यांवरून, म्हणून मोराबरोबर भेगही उतरली.

"नीलेश सर, चोरून पत्र वाचणारा माणूस साचा कधी घेईल?"

नीलेश क्षणभर गोंधळले. मग त्यांचा चेहरा उजळला. मोहर अख्खी असतानाच, ते म्हणाले. आधी साचा, मग फोडणं.

अगदी तेच. इथे आधी फुटली, मग साचा घेतला. फोडायचा बेत नव्हता. हातून पडली. पडल्यावर बाईमाणसाने तुकडे गोळा केले, वारुळाच्या मातीत एकेक दाबून मोर परत उठवला, साचा वाळू दिला, मोहाच्या बियांचं तेल लावलं आणि घरातली सगळ्यात चांगली लाख ओतली.

वीरेंद्रजींनी घसा साफ केला. त्यांचा प्रश्न सगळ्यांच्याच मनात होता. ठीक है, गिर गया. पण मोहर नव्हती तेव्हा थैली उघडीच होती की. आत हात गेला नाही हे कोण सांगणार?

धनवंताबाईने वर पाहिलं. आपल्या शब्दाला साक्षीदार नाही हे ती इतके महिने जाणून होती.

सुशिलाबाई मात्र या प्रश्नाचीच वाट पाहत होत्या. आवाजात पोस्टातला जुना ताठा आणून त्या म्हणाल्या, "टपालाच्या थैलीला कुलूप कोणतं असतं, वीरेंद्रजी? लाख नाही. कुलूप म्हणजे गाठ. लाख फक्त गाठीची साक्ष."

त्यांनी मोहर खिडकीच्या अगदी जवळ नेली. कुसुमाच्या लाखेतून ऊन आरपार गेलं आणि मोर पेटल्यासारखा झाला. त्याच्या पोटात, बरोबर मधोमध, बोराएवढा काळपट लाल गोळा दिसला.

६

आधी नीलेशनी डोळा लावला, मग वीरेंद्रजींनी, मग मोनालीने. तो गोळा म्हणजे जुनी मोहरच होती, जेवढी गाठीच्या आत मुरली होती तेवढी. वरचा मोर फुटून पडला, पण गाठीला मिठी मारून बसलेली लाख जागची हलली नव्हती. दोरीचे पीळ तिच्यात रुतलेले स्पष्ट दिसत होते, एकही धागा तुटलेला किंवा सैल नव्हता. ती गाठ सोडायची तर तो गोळा फोडावाच लागला असता. जमीनदाराच्या कारकुनाने बांधलेली गाठ तशीच होती. नव्या लाखेने जुनीला नुसतं पांघरूण घातल्यासारखं झाकलं होतं.

"बाबा, आता तुम्ही पाहा," सुशिलाबाई म्हणाल्या.

झामसिंगबाबांनी खलिता घेतला, नवा डोळा मोहरेला लावला आणि दुसरा मिटला. किती वेळ ते तसेच उभे होते. मग त्यांनी खलिता छातीशी धरला आणि बायकोपुढे जाऊन उभे राहिले.

"काऊन नाही सांगतलं?"

धनवंताबाई आता बोलली. नवाखाईला आढ्यावरून उतरवून नव्या फडक्यात गुंडाळताना खलिता हातातून निसटला आणि जात्यावर आपटला. बाबा अंगणात होते, तेव्हा त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी अन्न सोडलं असतं. तिने तुकडे पदरात बांधले, आणि जमेल तेवढं केलं. रंग वेगळा झाला हे तिला त्याच दिवशी कळलं होतं, पण मानाच्या कामात काजळी मिसळायला तिचा हात धजेना.

नीलेशना राहवलं नाही. तुम्हाला वाचता येतं ना, असं त्यांनी विचारलं. येतं, ती म्हणाली, नातवंडांबरोबर शिकले. मोडी येत नसेल, नीलेश म्हणाले, पण कागद कसा आहे, किती आहे, एवढं तर दिसलं असतं. मग कधी पाहावंसं वाटलं नाही?

"वाटलं," धनवंताबाई म्हणाली. "काऊन नाही वाटन? एकटी होती घरात. पण ते माह्या नावानं थोडीच होतं."

सुशिलाबाईंनी भिंग पर्समध्ये टाकलं आणि उगाच बराच वेळ पर्समध्ये काहीतरी शोधत राहिल्या. टपाल खात्यात त्यांनी चांगली माणसं पुष्कळ पाहिली होती. पण खात्याने शपथ दिलेली नसताना, पगार नसताना, कोणी पाहत नसताना एवढं राखणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. ती आपल्या तालुक्याची, हे मनात येऊन त्यांची मान ताठ झाली.

वीरेंद्रजींनी शेवटचा प्रयत्न करून पाहिला. आता मोहर जुनी राहिलीच नाही, तर आज साहेबीण बाईंसमोर थाटात खलिता उघडू या, सारा विदर्भ बघायला येईल, आणि आतल्या माणसांची नावं इतिहासात लागतील. त्यात त्यांची लबाडी नव्हती, उत्साहच होता. नीलेशना वाचायचं होतं हे सगळ्यांना माहीत होतं, तरी तेच पुढे झाले आणि वीरेंद्रजींचा हात धरून नको म्हणाले.

बाबांनी खलिता स्वतःच्या हाताने पेटीत ठेवला. "मोहर जमीनदाराची होती, ते फुटली," ते म्हणाले. "राखणं आमचं होतं. ते नाही फुटलं." नदीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

दुपारी जिल्ह्याच्या साहेबीण बाई आल्या. मोनालीच्या टेबलावर त्यांनी आईला चार ओळी लिहिल्या, बक्षिसं दिली आणि मग मधल्या पेटीपाशी आल्या. सगळे मंडळवाले माहिती सांगायला पुढे सरसावले, पण सुशिलाबाईंनी त्यांना हाताने मागे थोपवलं. झामसिंगबाबा पेटीजवळ उभे होते, नवा सदरा घालून, आणि त्यांनी धनवंताबाईला मागच्या भिंतीपासून बोलावून आपल्या शेजारी उभं केलं होतं.

बाबांनी सगळं सांगितलं, काहीच लपवलं नाही. खापरपणजा किती चालला ते, जमीनदाराची मोहर कशी फुटली ते. मग बायकोकडे बोट दाखवून म्हणाले, "हे मोहर इनं केली. आमच्या कुसुमाची लाख हाये."

साहेबीण बाई वाकून त्या मधाळ मोराकडे पाहत राहिल्या. मग सगळे विचारतात तेच त्यांनीही विचारलं, की आत लिहिलंय तरी काय.

धनवंताबाईने नवऱ्याकडे पाहिलं. मग तिनेच उत्तर दिलं.

"ज्याचं हाये त्याले माहीत, बाई. आमी फक्त पोचवणारे हावो."